पंडिता रमाबाई आणि दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या मुली

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र सादर करण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र निवडले आहे, हे पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या भुवया किंचित उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. रमाबाईंचे नाव निघाले की धर्मांतराचा वाद निघतो, आणि तो वाद निघाला की त्यांचे बाकीचे सारे आयुष्य बाजूस पडते. प्रस्तुत लेखात आम्ही तो वाद टाळणार नाही. परंतु तेथेच मुक्कामही करणार नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या आयुष्यातील एका विशिष्ट कार्याविषयी. दुष्काळाने घरदार, आईबाप आणि गाव हिरावून घेतलेल्या शेकडो मुलींस त्यांनी आणले, जगविले आणि अक्षरओळख करून दिली, त्या कार्याविषयी.

निर्वासित हा शब्द १९४७ नंतर आपल्या घरोघरी परिचित झाला. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी बांधव आले, त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले, हे आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. अशा प्रसंगी अन्न आणि निवारा यांची व्यवस्था लागली न लागली तोच, या मुलांना शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न पुढे येतो. या प्रश्नास महाराष्ट्रात त्यापूर्वी पन्नास वर्षे एका विधवा स्त्रीने स्वतःपुरते उत्तर दिले होते. ते तिला का सुचले, हे समजावयाचे तर तिच्या बालपणाकडे वळले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन कुळातील विद्वान. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. हे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक बाहेर पडताना ऐकून अनंतशास्त्रींच्या मनात जे बीज पडले ते कधी वाळले नाही. प्रथम पत्नीस शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्या विरोधामुळे फसला; परंतु तिच्या निधनानंतर पैठण येथे ज्या बालिकेशी त्यांचा विवाह झाला, त्या लक्ष्मीबाईंस त्यांनी संस्कृतात पारंगत केले. समाजाने डोळे वटारले. उडुपी येथे पंडितांपुढे त्यांस आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. शास्त्रार्थ त्यांनी उत्तम केला. पण गावात राहून रोजचा कलह कोणी सोसावा? म्हणून ते पत्नीस घेऊन अरण्यात गेले आणि तेथे स्वखर्चाने विद्यार्थी ठेवून पाठशाळा चालवू लागले.

अतिथी, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या अन्नदानात शास्त्रीबुवांची सारी मिळकत गेली आणि वर कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच घर मोडले. वेताच्या टोपलीत घालून त्या तान्ह्या मुलीस डोक्यावरून डोंगराखाली नेण्यात आले. तेथून पुढे पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थाहून तीर्थास हिंडत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. रमाबाईंस शाळा अशी कधी मिळालीच नाही. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. आणि आईला दिवसभर स्वयंपाक, आले-गेले, पूजा यांतून सवड नसे, म्हणून ती पहाटे, पक्षी जागे होण्याच्या वेळी, पोरीला कुशीत घेऊन हलकेच उठवी आणि पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले ते असे. ज्या घराला छप्पर नव्हते त्या घरातही शाळा होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे केडगावी जे घडले त्याचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

त्यानंतर मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. हिंडत्या पुराणिकाचे उत्पन्न श्रोत्यांच्या सुबत्तेवर अवलंबून असते. श्रोतेच उपाशी मरू लागले तर पुराणिकास कोण देणार? संग्रही होते ते दागिने, भांडी आणि वस्त्रे विकून झाली. अंगमेहनतीची सवय नाही, आणि भीक मागण्याची लाज. अशा कोंडीत सापडलेले हे विद्वान कुटुंब तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या. आईच्या तिरडीस खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती अंगाने ठेंगणी, म्हणून खांद्याऐवजी तिने तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घेऊन तीन मैलांची वाट चालली. पुढे थोड्याच काळात मोठी बहीण कृष्णाबाईही पटकीने वारली.

राहिली ती दोन भावंडे. पायी चालत ती हिंदुस्थानभर हिंडली. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून वाळूत खड्डे खणून, त्यांत पडून, अंगावर कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली आणि दैव पालटले. या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत पांडित्य पाहून तेथील विद्वान चकित झाले व त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांतून येत असतो, म्हणून त्याचा विस्तार आम्ही करीत नाही. मात्र सभागृहात टाळ्या घेणारी ही मुलगी चारच वर्षांपूर्वी रानात पाला खाऊन राहिली होती, हे पाठ्यपुस्तकांतून सहसा येत नाही.

पुढील काही वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय असल्याने दोन्ही बाजूंचा रोष झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सुधारकांनी तिचे स्वागत केले; तिने आर्य महिला समाज स्थापिला; हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. वस्तू हाताळून, चित्रे पाहून, खेळातून मुलाला शिकवावे, हा त्या पद्धतीचा गाभा. आणि छडी व घोकंपट्टी यांवर चालणाऱ्या त्या काळच्या आपल्या शाळांस ती सर्वस्वी नवी होती. या पद्धतीस अनुसरून मराठीत क्रमिक पुस्तके रचण्याचे कामही त्यांनी तेथेच आरंभिले. चरित्रकार त्यांच्या अमेरिकेतील व्याख्यानांचे व निधिसंकलनाचे वर्णन पानेच्या पाने करतात आणि या शिक्षणाचा उल्लेख एका ओळीत आटोपतात. आमच्या मते त्या ओळीवर थांबावयास हवे होते. कारण पुढे दुष्काळात आलेल्या मुलींपुढे त्यांची व्याख्याने नव्हे, हे शिक्षण कामास आले.

बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. येथे आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष लक्ष द्यावे, असा एक मुद्दा आहे. शारदा सदन हे उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होते. स्वयंपाकघरात जातीचे नियम पाळले जात, मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक असे, आणि धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. मर्यादा आखून घेतलेली अशी ही संस्था होती, आणि त्या मर्यादेला कारण होते. ज्या विधवांचे केस काढले जात, ज्यांना घराच्या मागल्या दारी आयुष्य काढावे लागे, त्या प्रामुख्याने याच वर्गातील होत्या. आपल्याकडील बहुतेक ज्ञातिसंस्थांचे विद्यार्थी-साहाय्यनिधी याच विचाराने जन्मले आहेत: जवळच्या माणसाचे दुःख आधी दिसते आणि माणूस तेथून आरंभ करतो. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या; १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे अण्णासाहेबांनी जे अनाथ बालिकाश्रमाचे कार्य उभारले, त्याच्या पाठीशी या संबंधाची पुण्याई होती.

त्याच १८९३ मध्ये वादळ उठले. काही मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेस बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकत आहे, असा आरोप झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. रानडे-भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आपले खाजगी आचरण आपण दार लावून करावयास बांधलेलो नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. आणि ज्या विश्वासाने मुली सोपविल्या त्या विश्वासाचे काय, हा पालकांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंस सत्याचा अंश होता, असे आम्हांस वाटते. शिक्षकाचे दार उघडे असणे आणि अल्पवयीन विद्यार्थ्याने त्यातून कोठे जावे हे, या दोन गोष्टी वेगळ्या राखणे नेहमीच कठीण जाते.

बोस्टनच्या मंडळाचे दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये संपावयाचे होते. त्यानंतर सदन चालावे कसे, या चिंतेने रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडे लावावी, उत्पन्न काढावे, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. झाडे अजून लहान होती, तोच १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला.

बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई द्विधा मनःस्थितीत होत्या. अमेरिकेतून येणारा पैसा शारदा सदनासाठी होता. त्यातील एक पैही दुष्काळपीडितांवर खर्च करण्याचा त्यांस अधिकार नव्हता. स्वतःपाशी काही नव्हते. सदनात आधीच्या मुलींचा भार होता. न जाण्यास कारणे भरपूर होती, आणि ती खोटीही नव्हती. परंतु तिरुपतीच्या रानातले ते अकरा दिवस त्यांस स्वस्थ बसू देईनात. अखेर त्या मध्यप्रांतात गेल्या.

तेथे त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, अनाथ-अपंगांसाठी गरीबखाने उघडले होते. पण त्या गर्दीत एकट्यादुकट्या मुलीचा वाली कोणीच नव्हता. आई वाटेत मेली, बाप कामावर गेला तो परतला नाही, भाऊ हरवला. अशी मुलगी पसाभर धान्यासाठी कोणाच्याही हाती पडे. अशा मुलींच्या शोधात दुष्ट लोक गरीबखान्यांभोवती घिरट्या घालीत. रमाबाईंस आपली सोळा-सतरा वर्षांची मूर्ती तेथे दिसली असल्यास नवल नाही. त्यांच्यापाशी निदान एक भाऊ आणि हजारो पाठ श्लोक होते. या मुलींपाशी तेही नव्हते.

प्रथम थोड्या मुली पुण्यास पाठविण्यात आल्या, मागून आणखी. आणि सुमारे तीनशेपर्यंत संख्या गेली. त्या वेळी पुण्यात प्लेगने घर केले होते. बाहेरून आणलेल्या एवढ्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावची ती जमीन उपयोगी पडली. सदनाच्या भवितव्यासाठी लावलेल्या बागेत घाईघाईने झोपड्या व मांडव उभे राहिले आणि मुली तेथे नेण्यात आल्या. या वसाहतीस 'मुक्ती' हे नाव मिळाले. याच धामधुमीत पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारविरुद्ध उघड तक्रार केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या अंकित झाल्या, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा.

आता शिक्षणाकडे येऊ. आलेल्या मुलींकडे पाहून, यांना पाटी द्यावी, असे कोणाच्या मनात आले नसते. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर खरजेची व जखमांची पुटे, डोक्यात उवा. अन्न पुढे ठेवले तर अधाशीपणे खावे आणि आजारी पडावे. कित्येक मुली भाकरीचा तुकडा लपवून ठेवीत, कारण उद्याची भाकरी येईल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. काही आल्यावरही जगल्या नाहीत. ज्या मुलीचा उद्यावर विश्वास नाही तिला आज 'अ' काढावयास कसे शिकवावे? कोणत्याही देशातील निर्वासितांच्या मुलांना शिकवू गेलेल्या शिक्षकापुढे प्रथम हाच प्रश्न येत असला पाहिजे.

रमाबाईंनी यावर जो उपाय योजिला तो साधा होता. पगारी शिक्षक आणण्यास पैसा नव्हता आणि असता तरी अशा वस्तीत येऊन राहण्यास कोण तयार झाले असते? त्यांच्यापाशी होत्या त्या शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली. त्यांतील कित्येकींनी हे काम आपणहून अंगावर घेतले. एकेकीने नव्या मुलींचा एकेक गट सांभाळावा. त्यांना न्हाऊ घालावे, जखमा धुवाव्या, जेवू घालावे, रात्री त्यांच्यात निजावे, आणि त्याच हातांनी त्यांना अक्षरे शिकवावी. दाईपण आणि शिक्षकीपण येथे वेगळे नव्हते. शिकलेली प्रत्येक मुलगी पुढे मागून येणारीस शिकवी. लक्ष्मीबाईंनी पहाटे पोरीला कुशीत घेऊन जो पाठ दिला, त्याचीच ही मोठी आवृत्ती होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या गोष्टीत आम्हांस जे विलक्षण वाटते ते असे. शिकविणाऱ्या मुलींपैकी अनेकजणी उच्चवर्णीय विधवा होत्या. लहानपणी त्यांच्यावर सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार झालेले. काही वर्षांपूर्वी स्वतःचा स्वयंपाक वेगळा व्हावा म्हणून ज्या संस्थेत नियम होते, त्या संस्थेतून त्या आल्या होत्या. आणि ज्यांच्या डोक्यातल्या उवा त्या काढीत होत्या त्या मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, नाना जातींच्या होत्या; कित्येकींना आपली जात सांगण्याइतकेही भान उरले नव्हते. रमाबाईंनी शारदा सदनाच्या भोवती जी मर्यादा आखली होती ती कोणत्याही ठरावाने मोडली नाही. तिच्याविरुद्ध कोणी व्याख्यान दिले नाही. भुकेने आलेली मुले दारात उभी राहिली आणि त्यांना जागा करून देता देता ती मर्यादा कोठे राहिली, हे कोणाच्या ध्यानातही आले नसेल. आपल्या साहाय्यनिधीच्या नियमावलीत पहिलेच कलम पात्रतेचे असते. त्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. परंतु ज्यांनी असे कलम स्वतः लिहिले त्यांच्याच हातून ते केडगावी बाजूस पडले, हे नमूद केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

शिक्षणाचा क्रमही परिस्थितीस धरून बेतला गेला. दिवसाचे काही तास शाळा आणि काही तास काम, अशी वाटणी होती. लहान मुलींसाठी बालोद्यान वर्ग होते. मोठ्या मुली शेतात, गोठ्यात, हातमागावर, तेलाच्या घाण्यावर, शिवणकामात आणि पुढे छापखान्यात काम शिकत. केवळ पुस्तकी शिक्षण दिले तर ही मुलगी उद्या पुन्हा कोणाच्या तरी दारी उभी राहील, हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या. त्यांच्या वडिलांच्या घरात व्याकरण, काव्य, पुराण सर्व काही होते. एक हाताचा धंदा नव्हता, आणि दुष्काळात तेवढ्यासाठी ते घर बुडाले. विद्येविषयी इतका आदर असलेल्या स्त्रीने घाणा आणि माग यांना शाळेत जागा द्यावी, यामागे हे दुःख आहे.

१८९८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या असता केडगावचा भार सुंदराबाई पवार यांनी वाहिला. परत येऊन घडी बसते न बसते तोच गुजरात, काठेवाड आणि राजपुताना यांवर १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत तो 'छप्पनिया' म्हणून आजही ओळखला जातो. या वेळी त्या तीनशेतील मुली पुढे आल्या. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः सापळे होऊन आल्या होत्या त्याच आता नव्या आलेल्यांस न्हाऊ घालू लागल्या. वस्ती दीड हजारांहून अधिक झाली. गुजराती, हिंदी, मराठी अशा भाषांची सरमिसळ झाली. ज्या भाषेत शिकवावयाचे तीच अनेकींना नवी होती. शिवाय पुरुषांच्या अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी अंधांच्या उठावाच्या लिपीचे ज्ञान तिकडून आणले होते, ते येथे उपयोगी पडले. पुढे शारदा सदनही केडगावास आले आणि त्याची धुरा मनोरमाबाईंनी सांभाळली.

धर्माचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो आणि तो आम्ही झाकणार नाही. मुक्तीमध्ये शारदा सदनाप्रमाणे धर्मशिक्षणास मज्जाव नव्हता. तेथे ख्रिस्ती उपासना होत असे, मंदिर उभे राहिले आणि आलेल्या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीस अन्न देणाऱ्याचा धर्म ती स्वीकारते तेव्हा त्यात तिची इच्छा किती आणि उपकाराचे ओझे किती, असे टीकाकारांनी विचारले, आणि तो प्रश्न गैरवाजवी नव्हता. मात्र त्याला जोडून दुसराही प्रश्न त्याच काळातील काही समंजस हिंदूंनी विचारला होता: त्या मुली रस्त्यावर मरत असताना आपण किती आणल्या? अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्था आपल्याकडे वाढल्या, त्यांस असे प्रश्न कारणी पडले असावेत, असा आमचा तर्क आहे.

बाई स्वतः राहणीने बदलल्या नाहीत. पांढरे सुती लुगडे, शाकाहार, जमिनीवर बैठक. ऐकू कमी कमी येत गेले, तरी पहाटे उठण्याचा परिपाठ सुटला नाही. उतारवयात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या ग्रीक व हिब्रू शिकल्या. मिशनऱ्यांची आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर होती व ती आपल्या मुलींना कळत नाहीत, हे त्या रोज पाहत होत्या. संस्कृतात पदवी मिळविलेल्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून बाजूस काढावे आणि केडगावच्या मुलींस समजेल असे मराठी बसवावे, यात धर्मनिष्ठेइतकीच शिक्षिकेची दृष्टी आहे.

१९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. ज्या एकुलत्या एक मुलीच्या हाती संस्था सोपवावयाची ती आधी गेली. भाषांतर पुरे करण्याचे काम तेवढे उरले होते. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. त्यांच्या वयास चौसष्ट वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस कमी होते. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्ती संस्था केडगावी अद्यापि चालू आहे; पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून आपल्यापैकी अनेकजण त्या स्थानकावरून नेहमी जात-येत असतील.

ते भाषांतर १९२४ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर पडले. ते मुक्तीच्या छापखान्यातच छापले गेले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांत दुष्काळात आलेल्या काही मुली होत्या. केडगावास आल्या त्या दिवशी त्यांतील एकीलाही आपले नाव लिहिता येत नव्हते.